आठवी ‘क’ आणि शेवटची तासिका

बाई ऑफिसच्या दारात उभी होती. हातात आठवीचं संस्कृतचं पुस्तक, जुनं, शेजारच्या मुलीकडून आणलेलं, वर वर्तमानपत्राचं कव्हर. जुलैचा पहिला आठवडा होता. मी वेळापत्रक फेअर करत बसलो होतो.

“सर, माही साक्षी हिंदीच्या वर्गात काहून बसून राहिली? आमी तं कागदावर संस्कृतले टिक केली होती.”

तिचं म्हणणं खरं होतं. ते मला तिच्याइतकंच माहीत होतं.

बाई अकोल्याच्या जुन्या शहरात भाजी विकते. साक्षी आमच्या शाळेत आठवी ‘क’मध्ये होती. ती सुट्टीत सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधता बांधता त्या पुस्तकातली रूपं पाठ करत होती, अर्धं पुस्तक तिचं झालंही होतं, असं बाई सांगत होती. मी मान हलवत होतो.

इथं थोडं समजावून सांगतो. आमच्याकडे सातवी संपताना मुलांना एक निवडपत्र देतात. आठवीपासून हिंदी घ्यायचं की संस्कृत, त्यावर टिक करायची आणि पालकांची सही आणायची. संस्कृत आठवीत सुरू होतं. तिथं सुटलं की पुढं मध्येच धरता येत नाही, दहावीपर्यंत सुटलंच. तुकड्या तीन. ‘अ’ तुकडीला संस्कृत, ‘ब’ आणि ‘क’ला हिंदी, अशी आमची पद्धत. असा नियम कुठंही लिहिलेला नव्हता. पण मग निवडपत्र कशाला देत होतो, हे आम्हाला कुणी विचारलं नाही.

‘क’मधल्या एखाद्या मुलाने संस्कृत मागितलं की मी त्याला बोलावून घ्यायचो. झेपणार नाही, मार्क जातील, असं सांगायचो. मूल नवी टिक करून द्यायचं. त्या वर्षी अशी पाच निवडपत्रं आली. एप्रिलचा शेवट होता, मुलं सुट्टीवर गेली होती आणि मला काम संपवायचं होतं. मी व्हाइटनर घेतलं, पाच टिका पुसल्या आणि हिंदीसमोर निळ्या पेनाने पाच टिका केल्या. पालकांच्या सह्या खाली तशाच राहू दिल्या.

हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. घरीसुद्धा नाही.

बाईला मी म्हणालो, “ऑफिसकडून चूक झालेली दिसते. इंगळेबाबूंनी यादी उतरवताना गडबड केली असेल.”

इंगळे आमचे क्लार्क. समोरच्याच टेबलावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग उठले, बाईला खुर्ची दिली आणि म्हणाले, “पाहतो मी, ताई. सोमवारी या.”

बाई गेली. इंगळे परत कामाला लागले. निवडपत्रांचा गठ्ठा त्यांच्याच कपाटात होता. ती पाच पत्रं त्यांनी पाहिली नसतील, असं मला वाटून घ्यायचं होतं, पण ते जमलं नाही.

शाळेत माझं ठरलेलं उत्तर होतं, की वेळापत्रकात जागा नाही. संस्कृतच्या गावंडे मॅडम एकट्याच, हिंदीला मी आणि आणखी एक सर. त्या ‘अ’वर असताना ‘क’मधली मुलं त्यांच्याकडे पाठवली तर त्यांचं गणित किंवा विज्ञान बुडतं. याला आम्ही क्लॅश म्हणतो. ऐकणाऱ्याला पटायचं. मलाही पटायचं, कारण मी पुढं शोधतच नव्हतो. का नव्हतो, तेही सांगतो. मी अमरावतीहून अपडाऊन करतो. पावणेपाचच्या गाडीसाठी शेवटची तासिका मी स्वतःकडे कधीच ठेवली नाही. लवकर निघायची सवलत तोंडी मिळालेली होती, आणि वेळापत्रक करणारा मीच होतो.

सोमवारी सकाळी इंगळ्यांनी माझ्यासमोर एक कागद ठेवला. खराब झालेल्या फॉर्मची मागची बाजू, त्यावर पेन्सिलने आखलेले चौकोन. या माणसाने आयुष्यात एक तास शिकवलेलं नाही. त्यांनी तिन्ही तुकड्यांची भाषेची तासिका एकाच वेळी आणली होती. घंटा झाली की मुलांनी दप्तर उचलायचं. संस्कृतवाले एका खोलीत, हिंदीवाले दोन खोल्यांत. मग ‘अ’ काय आणि ‘क’ काय, गणित सगळ्यांचं जागेवर राहतं.

पण मला जास्त नवल पुढच्या गोष्टीचं वाटलं. शनिवारी त्यांनी पाचही मुलांना एकेकटं विचारलं होतं. एकाला आता हिंदीच हवं होतं. त्याचं नाव त्यांनी खोडलं होतं, त्याला विचारून. मग ‘अ’मध्ये जाऊन तिथंही विचारलं होतं. सहा मुलांना संस्कृत नको होतं. हुशार आहेत म्हणून बसवलेली मुलं. त्यांना विचारावं, हे आमच्यापैकी एकालाही कधी सुचलं नव्हतं. गावंडे मॅडमशी बोलून झालं होतं. हिंदीच्या दुसऱ्या सरांशीही.

“फक्त एक अडचण आहे सर,” इंगळे म्हणाले.

“कोणती?”

“तिघांले जमन अशी एकच तासिका सापडली. शेवटची. तुमची गाडी जाईन.”

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांनी अडचण सांगितली, खोली लहान आहे हे सांगावं तशी. मी कागद घेऊन मुख्याध्यापिकांकडे गेलो. हे इंगळ्यांनी केलंय आणि निवडपत्रं मी बदलली होती, अशी दोन वाक्यं तिथं बोललो. त्यांनी पत्रं ताब्यात घेतली, मला लेखी खुलासा मागितला आणि कागदावर सही केली. मंगळवारपासून साक्षी संस्कृतला बसली. मी साडेसहाच्या गाडीने जाऊ लागलो.

इंगळ्यांची माफी मागितली तेव्हा ते म्हणाले, “राहू द्या सर. ‘ब’च्या हजेरीवर तुमची सही राहिली.”

एक काम मात्र उरलं होतं. बाईच्या मनात चूक अजून इंगळ्यांचीच होती. सहामाहीनंतरच्या पालकसभेत मी तिला बाजूला घेतलं. “ती गडबड बाबूंची नव्हती. टिक मी बदलली होती.”

तिने माझ्याकडे शांतपणे पाहिलं.

“मालूम होतं सर. बाबूच्या तोंडावरून तवाच समजलं. पन तुमाले तसं कशी बोलनार? पोरगी तं तुमच्याच शाळेत ठेवाची होती.”

ती मार्कांची यादी बघायला गावंडे मॅडमच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

साक्षी आता नववीत आहे. संस्कृतच्या वर्गात तिन्ही तुकड्यांची मुलं बसतात, आणि यंदाच्या आठवीतही कुणी ‘अ’मधून हिंदीकडे गेलं, कुणी ‘क’मधून इकडं आलं. वेळापत्रक आम्ही दोघं मिळून करतो. आधी निवडपत्रं वाचतो, मग चौकोन आखतो. नव्या शिक्षकांना मी एवढंच सांगतो. ‘जागा नाही’ असं पालकाला सांगण्याआधी, ती जागा कुणी अडवून ठेवली आहे ते बघा. माझ्या बाबतीत ती माझ्याच पावणेपाचच्या गाडीने अडवली होती.