चौथ्या प्रकरणातली नणंद

माझं सगळं शिक्षण 'पुरावा काय?' या एका प्रश्नावर झालंय. सोसायटीत कुणी बाळाची दृष्ट काढताना दिसलं तरी मी तोंडावर हसणारी. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण जे झालं ते झालं. गावाचं नाव देत नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत.

मी कोपरखैरणेला आई-बाबांबरोबर राहते. बाबा साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटात माथाडी होते, आता रिटायर. परदेशातल्या एका विद्यापीठाचा आंतरराष्ट्रीय विकास या विषयातला मास्टर्सचा कोर्स मी घरून ऑनलाइन करत होते. आफ्रिकेतली धरणं, आशियातली बंदरं, तिथून उठवलेली गावं – दीड वर्ष हेच वाचलं. प्रबंधाला मात्र विषय घेतला घराजवळचा. नवी मुंबई वसवताना ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या गावांतल्या बायकांच्या हाती काय आलं?

गाव नावडे कॉलनीच्या पलीकडचं, खाडीच्या अंगाला. पहिल्याच दिवशी ओट्यावर मासळी साफ करणाऱ्या एका बाईने सुनावलं, "आमचेवर लिवून तू पास होशील. मंग आमाला काय?" माझ्याकडे कोर्समधलं उत्तर तयार होतं, धोरणं कशी बदलतात वगैरे. अर्ध्यावरच मला ते इतकं पोकळ वाटलं की मी वही मिटली. दारं लागत गेली. तीन आठवड्यांत जेमतेम सहा बायका बोलल्या, त्याही तुटकपणे.

सातव्या बामाबाई. ऐंशीच्या आसपास वय. मुलाने जुन्या घराच्या जागी तीन मजली बिल्डिंग बांधलेली, वर भाडेकरू, तळमजल्यावर बामाबाई आणि त्यांची सून वनिता. वनिता दुकानात गेली होती. मी संमतीचा फॉर्म काढला. विद्यापीठाचा, इंग्रजीतला. खरं तर तो पूर्ण वाचून, समजावून सांगायचा असतो. मी म्हटलं, "कॉलेजसाठी आहे आजी, काही होत नाही त्याने." शाईचा पॅड पुढे केला. त्यांनी अंगठा उठवला.

आणि त्या बोलायला लागल्या. दीड तास. माझं रेकॉर्डिंग चालू.

"मिठागरान वाटा तिचापन व्हता. माजी ननंद. नवरा मेला म्हून म्हायेरीच आलेली. जमीन द्यायची वेल आली तवा माज्या मालकानी सांगतलं, रेशनचा कागद हाय, अंगठा दे. ती म्हनली, वयनी, वाचून दाखव. मना कुठं वाचता येतंय? मीच तिचा हात धरला न टेकवला."

तो कागद जमीन सोडल्याचा होता हे कळल्यावर नणंदेने त्या घरातल्या पाण्याला तोंड लावलं नाही. चौथ्या दिवशी भर दुपारी, भरतीच्या वेळी, ती मिठागरांकडे चालत गेली. दुसऱ्या दिवशी सापडली.

मी निघताना बामाबाईंनी माझं मनगट धरलं. त्या वयात एवढी पकड! "ह्यो नको लिवू. बाकी सगला लिव, ह्यो नको. पोरांना ठाव नाय."

"नाही लिहिणार, आजी."

मी लिहिलं. उगाच कारणं देत नाही. आधीच्या सहा मुलाखतींत दम नव्हता आणि माझ्या सुपरवायझर बाई प्रत्येक व्हिडिओ कॉलवर म्हणायच्या की प्रबंधाला काळीज नाही. मी स्वतःची समजूत घातली – गावाचं नाव नाही, माणसांची नावं बदललेली, तिकडे इंग्लिशमध्ये कोण वाचणार आहे? नणंदेला एक नाव दिलं. बामाबाईंनी तिचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. मला सुचलं ते जुन्या वळणाचं होतं, आमच्याकडे साताऱ्यात कुणाचं नसतं तसलं. कुठून सुचलं, नाही सांगता येत. चौथं प्रकरण एका बैठकीत झालं. सुपरवायझर बाईंचा मेल आला – आता हा प्रबंध झाला.

त्याच दुपारी जेवताना पाणी खारट लागलं.

"आई, फिल्टर बिघडलाय का?"

आई प्यायली, बाबा प्यायले. "गोड आहे की."

बाटलीचं आणलं, खारट. शहाळं, खारट. चहा तर घशाखाली उतरेना. पाच-सहा दिवसांत ओठ फाटले. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. म्हणाले, अभ्यासाचं टेन्शन आहे, सबमिशन झालं की जाईल. मीही तेच मानलं. मानसशास्त्रात अशा गोष्टींना नाव असतं, मी शोधूनही ठेवलं होतं.

मग आईने माझ्या टेबलावरचा ग्लास उचलला. लॅपटॉपशेजारी दोन दिवस अर्धवट भरलेला तसाच राहिला होता. पाणी आटून तळाशी बोटभर पांढरा थर बसलेला. आईने बोट लावून जिभेवर ठेवलं. तिचा चेहरा मी विसरणार नाही.

"मीठ आहे गं हे... काय करून आलीस तू?"

मी तिला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. तो ग्लास घेऊन स्वैपाकघरात गेली. मग आतूनच म्हणाली, "उद्या जा आणि पाया पड त्या म्हातारीच्या."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी तिथे होते. बामाबाई खुर्चीत, वनिता शेजारी शेंगा सोलत बसलेली. मी खरं ते सांगितलं. लिहिलं, चुकले, पण नावं बदलली आहेत. वनिताचे हात थांबले. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, माझ्याच तोंडून तिला पहिल्यांदा कळत होतं.

"काय नाव दिलं तिला?" बामाबाईंनी विचारलं.

मी सांगितलं.

म्हातारी खुर्चीतून उठली. "तुना कुनी सांगतलं? कुनी सांगतलं ता नाव?"

"कुणी नाही आजी, मला सुचलं..."

"खोटारडी!" वनिता ओरडली. "आमच्या घरान फूट पारायला आलीस तू! कुनी पाठवलंय?"

तेच तिचं खरं नाव होतं. ती गेल्यापासून त्या घरात कुणी ते उच्चारलं नव्हतं. वनितासुद्धा ते तेव्हाच ऐकत होती. शेजारपाजारचे जमले. कुणीतरी माझा फोन मागितला, वनिताने नंबर उतरवून घेतला, कुणी शिव्या दिल्या. मी बाहेर पडताना बामाबाईंचा आवाज आला. रागावलेला नव्हता. घाबरलेला होता.

"कार तिना तिथून. पुसून टाक."

त्या दुपारी मी चौथं प्रकरण डिलीट केलं. रेकॉर्डिंग, बॅकअप, मेलमधली कॉपी, सगळं. सुपरवायझर बाईंना विनवून त्यांच्याकडचीही फाइल काढायला लावली. अंगठ्याचा फॉर्म फाडून गॅसवर धरला. मग नळाखाली ओंजळ धरली. पाणी गोड होतं. मी तिथेच ओट्याला टेकून ढसाढसा रडले आणि पीत राहिले.

बारा दिवसांनी वनिताचा फोन आला.

"आई चार दिस झाले पानी पीत नाय. खारा हाय म्हनतान. टँकरचा आनला, बाटलीचा आनला, समदा थुकून टाकतान. काय केलंत तुमी?"

"मी काहीच... मी सगळं पुसलं. त्यांनीच सांगितलं तसं."

वनिता मग म्हणाली, "मंग ती तुमच्याकडनं निघाली, न हितं आली." फोन कट.

बामाबाई त्याच आठवड्यात हॉस्पिटलात वारल्या. अंगात पाणी राहिलं नव्हतं, वय झालं होतं, असं डॉक्टर म्हणाले. सलाईन लावलं होतं तरी सारख्या म्हणायच्या, नसेत मीठ चढतंय. हे कळवलं तेही वनितानेच. मी तिला विचारलं, येऊ का? "हिकरं पाय नको ठेवूस." नंतर तिने नंबर ब्लॉक केला.

डिग्री मिळाली. मार्क बेताचे आले. बाबांनी सर्टिफिकेट फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. आई त्या भिंतीकडे बघत नाही.

मी खूप विचार केला. तिच्याबद्दल लिहिलेलं तिला नको होतं, तर पुसल्यावर ती शांत का झाली नाही? आणि लिहून हवं होतं, तर मी लिहिल्यावर माझ्या मागे का लागली? आणि ते नाव माझ्या बोटांत कुठून आलं? योगायोग म्हणून बघितलं. मग ग्लासातलं मीठ? ते तर आईनेही चाखलंय. मित्र-मैत्रिणींनी हजार शक्यता सांगितल्या, एकही मला पटली नाही. प्रबंधात आता सहाच बायका आहेत. सातवी मुलाखत झाली होती, याचा कुठे कागदही उरला नाही.

इथे वाचणाऱ्यांपैकी कुणाला काही कळत असेल तर एवढंच सांगा – बामाबाईंना मी मारलं का? उगाच धीर देऊ नका. तो खूप जणांनी देऊन झालाय.