काका आणि कोपऱ्यातली फुली

मोबाइलवर वाचायची पानं जगात जे कोणी बनवतात, त्यांचं आमच्या शेजारच्या काकांशी सात जन्मांचं वैर असावं, अशी माझी पक्की खात्री झाली आहे. काका बदलापूरच्या कुळगावात आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात अधिकारी होते. ते निवृत्त झाले, त्यांची तपासणी काही निवृत्त झाली नाही. भाजीवाल्याची भेंडी आणि माझ्या गॅलरीचा कठडा, दोन्ही त्यांनी नापास केलेत. जाहिरात बंद करायची कोपऱ्यातली फुली तर त्यांनी एकदा मोबाइलच्या काचेला बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर लावून मोजली आणि मला हाक मारून दाखवली. "बघ, माझं बोट केवढं आणि ही केवढी. आमच्याकडे असा चुकीच्या मापाचा जॉब गेटच्या बाहेर गेला नसता." एवढं बोलून त्यांनी फुली दाबली, ती अर्थातच हुकली आणि काका थेट केस वाढवायच्या तेलाच्या दुकानात पोचले. काकांना केस नाहीत.

त्यात स्वभाव भिडस्त. पान कुकीजची परवानगी मागतं, सूचना पाठवू का विचारतं, तुम्ही कुठे आहात विचारतं. तुम्ही-आम्ही न बघता टिचकी मारून मोकळे होतो. काका चष्मा पुसून सगळं वाचतात, कारण "विचारलंय तर उत्तर द्यायला नको?" उत्तर देईपर्यंत मजकूर वर पळतो, खालून कसलासा व्हिडिओ ओरडायला लागतो, आणि करड्या रंगातली बारीक अक्षरं शोधता शोधता चहा निवून जातो.

याचं मला हसू येत नसे, वैताग येई, कारण हे सगळं काकूंसाठी चालायचं. काकूंची नजर गेल्यापासून काका त्यांना रोज सकाळी मोठ्याने वाचून दाखवतात, त्या वाल सोलत ऐकतात. त्यांची आवडती कादंबरी एका पुरवणीत क्रमशः येत होती. पुरवणी छापायची बंद झाली आणि शेवटचं प्रकरण मोबाइलवर गेलं. कादंबरीतला मुलगा परदेशी होता. काकांचाही आहे, आणि त्याचा फोन आता सणासुदीलाच येतो. तो कादंबरीतला परत येतो की नाही, एवढंच काकूंना हवं होतं.

"आला का हो?"

"थांब, पान उघडतंय."

आठवडाभर हेच. मी माझ्या मोबाइलवर बघितलं, तर पुढे वाचायला अ‍ॅप घ्या म्हणे. घेतलं, तर त्यात ते प्रकरणच नव्हतं. हात टेकले.

परवा वाटी परत करायला गेलो, तर काका चक्क न अडखळता वाचत होते. "आणि मुलगा सामान घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, आई, आता जात नाही. इथेच घर घेतो." मी मागून डोकावलो. मोबाइलवर कादंबरी नव्हतीच. नव्या फ्लॅटची जाहिरात काचभर पसरली होती आणि फुली कुठेच नव्हती. "स्टेशनपासून पाच मिनिटांवर," काका वाचत राहिले, "दोन बाल्कन्या. चोवीस तास पाणी." सुताएवढी चूक कधी कुणाला न सोडलेला हा माणूस. मला भरून आलं.

काकूंचे हात थांबले. "चोवीस तास पाणी? बदलापुरात?"

काकांचं बोट काचेवर फुली शोधू लागलं.

"असू दे," काकू म्हणाल्या, "पाणी काय, भरून ठेवता येतं. तो दारात येतो ना, तिथपासून परत वाचा."

काकांनी चष्मा पुसला, आणि त्या जाहिरातीकडे बघत पुन्हा वाचायला लागले.