बेदाण्याच्या शेडमधली चाचणी

तासगावच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागली तेव्हा आप्पांनी माझी लोखंडी ट्रंक टपावर चढवली. आई खाली उभी राहून ट्रंकेकडेच बघत होती, माझ्याकडे नाही. ट्रंकेच्या तळाशी, पीटीच्या पांढऱ्या कपड्यांखाली, आम्ही दोघींनी शिवलेले पट्टे होते. आप्पांना त्यांची कल्पना नव्हती. पुढं मिरजेहून रेल्वेनं मद्रासला, सैन्याच्या प्रशिक्षणाला परत जायचं होतं. घर सोडायची ही माझी दुसरी वेळ. पहिल्या वेळी नुसती हुरहूर होती, या वेळी भीती होती. कारण पुढं काय आहे ते आता ठाऊक होतं.

तासगावातच राहिलेल्या मैत्रिणींना आणि माझ्यासारख्या लांब जाऊन स्थिरावलेल्यांना हे सांगायचं राहून गेलंय. तेव्हा असलं बोलायची रीत नव्हती.

मुलींना सैन्यात अधिकारी म्हणून नुकतंच घ्यायला लागले होते. माझी निवड झाली तेव्हा धाकटे चुलते भर अंगणात आप्पांना म्हणाले होते, "दादा, पोरगी चार दिस बाजूला बसली की लढाई थांबवायची व्हय?" आप्पा म्हणाले, "थांबवंल बी. तुझ्या पोरावानी पळून तर येणार न्हाई." सगळे हसले. पण पहिल्यांदा मैदानी सरावाला गेले तेव्हा चुलत्यांचंच वाक्य कानात वाजत होतं.

त्या सरावात माझी पाळी आली. कॅन्टीनमधलं पॅड घामानं सुटलं, रांगताना मागं सरकलं, अंगभर एकसंध असलेल्या जाड डांगरीच्या शिवणीनं मांड्या सोलल्या. बदलायचं तर आधी बूट उतरवायचे, मग डांगरी, आणि कवायत शिकवणारा उस्ताद पुढं ओरडतोय, "चल, चल!" डाग पडला. माझ्या खोलीतली सुमन रोहतकची. ती हळूच म्हणाली, "तू बस चल, मैं पीछे हूँ." परतेपर्यंत ती माझ्या पाठीला चिकटून चालली.

आमच्याच बराकीतली एक मुलगी अशा सोललेल्या जखमा चिघळून दवाखान्यात पडली. ठरल्यापेक्षा जास्त दिवस बुडले म्हणून तिला आमच्यामागून येणाऱ्या तुकडीत टाकलं, म्हणजे रेलिगेट केलं. ते कळलं त्या दिवशी मी कॅलेंडर काढून हिशेब केला. शेवटचा मोठा कॅम्प नेमका माझ्या पाळीत येत होता. पुन्हा केला, उत्तर तेच. रेलिगेट होऊन तासगावला तोंड कसं दाखवायचं, या विचारानं मला जेवण जाईना.

मधल्या सुट्टीत घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. जेवणं आटोपल्यावर ती शिलाई मशीनवरचं कापड काढून म्हणाली, "हितं हुबी ऱ्हा, माप घिऊ दे."

आईची मापं बोटांत, माझी इंचांत. पहिला पट्टा नाडीवर बांधला तर तो कमरेला काचला. "बागेत दिसभर वाकणाऱ्या बाया नाडी बांधत न्हाईत, रुंद पट्टी बांधत्यात," आई म्हणाली. मग पट्टी तीन इंच रुंद केली. बटणं लावली, ती पालथं पडल्यावर टोचली. काढून कापडी बंद लावले. खाली मऊ कापडाच्या दोन थरांत मेणकापड घातलं. मांडीला लागणाऱ्या कडेला एकही शिवण ठेवली नाही. डांगरी पुढून उघडून बंद सोडला की आतली कापडाची घडी समोरूनच ओढून काढता येई, नवी सरकवता येई. बुटांना हात लावायला नको. कोऱ्या घड्यांसाठी एक आणि वापरलेल्यांसाठी एक अशा मेणकापडाच्या दोन पिशव्या केल्या. मुद्दाम इतक्या लहान की पाण्याच्या बाटलीशेजारी बसाव्यात.

पण खरी चाचणी कशी घ्यायची? माझे दिवस नव्हते. आईचे आले.

आमच्याकडं त्या दिवसांत बायका बेदाण्याच्या शेडच्या सावलीलाही जात नसत. गेल्या तर बेदाणा काळा पडतो, असं सगळ्या मानत. आईही मानायची. जाळ्यांच्या थरांवर द्राक्षं नुकतीच पसरली होती. वर्षाची सारी कमाई त्यावर. आईनं पट्टा बांधला आणि शिडीपाशी गेली. पायरीवर पाय ठेवण्याआधी तिनं शेडला हात जोडले.

"आई, नको. अंगणात चालून बघ."

"अंगणात काय कळतंय? चढून, वाकून, वझं उचलून बगितलं पायजे."

दिवसभर ती क्रेट घेऊन शिडी चढली-उतरली, खालच्या थराखाली रांगली. काकू म्हणाली, "अक्का, आज अंगात आलंय काय?" आई म्हणाली, "लेक पलटणीत गेली, म्हणून मी बी कवायत करतीया." हसण्याचा आवाज झाला, पण आईचा चेहरा हसला नाही. संध्याकाळी तिनं एवढंच सांगितलं, "डाव्या अंगाला जरा सरकतुया. बंद दोन बोटं मागं घे." मी घेतला.

मी निघाले त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. पाऊस पडला असता तर बेदाणा काळा झाला असता, आणि आईनं जन्मभर तो दोष आपल्या माथी घेतला असता.

कॅम्पमध्ये कंबरभर पाण्यातून जाताना मी देवाचं नावही विसरले. पलीकडं सुमननं अंथरायची ग्राउंडशीट आडोशाला धरली. भिजून बंद आवळला होता, दोनदा ओढल्यावर सुटला. पिशवीतली घडी कोरडी होती. पट्टा सरकला नाही. मी चालत राहिले, आणि चालतच कॅम्प संपवला.

रविवारी घराशेजारच्या दुकानात फोन लावून आईला बोलावलं.

"सरकला न्हाई न्हवं?"

"नाही. बेदाणा?"

"हिरवागार निगालाय. आभाळ आलं तवा माझं काळीज हाललं वतं गं."

अधिकारी म्हणून सेवेची वर्षं संपली, आता जबलपूरला आमचं घर आहे. राशन, वीजबिल, मुलांच्या फिया यांचा हिशेब माझ्याकडं. तसले पट्टे पुढं माझ्यामागून आलेल्या मुलींना मापासकट शिवून दिले. आई मात्र त्यानंतर त्या दिवसांत पुन्हा कधी शेडमध्ये गेली नाही. एवढी भीती एकदाच, माझ्यासाठी, तिनं अंगावर घेतली होती.

आई आता नाही. दर हंगामाला भाऊ बेदाण्याचा डबा पाठवतो. मुलं लगेच झाकणाला हात घालतात. मी म्हणते, "रुको, मी उघडते." बेदाणा हिरवाच असणार हे मला माहीत असतं. तरी आधी झाकण किलकिलं करून मी रंग बघते, आणि तेवढा वेळ मी तासगावात, शिडीखाली उभी असते.