माझ्या वर्दीतला पुतळा

माझी वर्दी मंडपात उभी होती आणि मी दोरीच्या बाहेर.

लालबागच्या गल्लीतला गणपतीचा मंडप. त्या साली देखावा होता ब्रह्मदेशातल्या लढाईचा. प्लास्टरचा शिपाई केला होता. त्याच्या अंगात माझा खाकी शर्ट, माझी पँट, पायात माझे बूट. छातीवर माझं मेडल. कोपरावर माझ्या बायकोनं लावलेलं ठिगळसुद्धा तसंच. जवळून बघावं म्हणून मी दोरीखालून वाकलो, तर भाऊंनी हात आडवा घातला.

"तू हयसूनच बघ. आत सोवळां आसा."

मी मागे सरलो. सवय होती.

भाऊ म्हणजे आमच्या गिरणीतल्या साचाखात्याचे जॉबर, माणसं भरणारे मुकादम, आणि गल्लीतल्या मंडळाचे अध्यक्ष. मालवणकडचे. वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगतो. वाईट माणसाने अपमान केला तर एक शिवी घालून मोकळं होता येतं. भाऊंसारख्यांचं तसं नसतं. कामगाराचं पोर आजारी पडलं तर रात्री दवाखान्यात येऊन बसणारा माणूस. मोर्च्यात सगळ्यात पुढे. त्यांना शिवी कशी घालणार?

गिरणीत मी रिंगखात्यात होतो, सूत कातायला. लढाईवरून आल्यापासून तिथेच. साचाखात्यात, म्हणजे मागावर, पगार जास्त, पण आमच्या माणसाला तिथे घेत नसत. कारण कुठे लिहिलेलं नव्हतं, सगळ्यांना माहीत मात्र होतं. कापड विणताना धोट्यातला धागा संपला की नवा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो. धोट्याला ओठ लागतात. मग तोच धोटा दुसऱ्याच्या हातात, दुसऱ्याच्या ओठाला. आमच्या तोंडचा धोटा कोण तोंडात धरणार? संपात आम्ही चालायचो, सभेत चालायचो, धोट्याला चालायचो नाही.

भाऊ वर्दी मागायला आमच्या खोलीच्या दारापर्यंत आले होते. उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणाले, "वर्दी दी. गणपती होऊंदेत, मगे तुझां साच्यावरचां मी बगतंय. आता संयुक्त महाराष्ट्र येतलो. ही जातपात किती दिस चलतली?"

मला खरं वाटलं. का वाटू नये? मोर्च्यात लाठी बसली ती माझ्या पाठीवर बसली. शेजारचा मराठा होता, पलीकडचा भंडारी. रक्त पुसायला ज्याने रुमाल दिला त्याने नाव विचारलं नव्हतं. मी ट्रंक उघडली, वर्दी काढली. बायको म्हणाली, "द्या. पन जपून वापरा म्हनावं. तेवडंच हाय आपल्याकडं दाखवायला."

देखावा करणारा आर्टिस्ट माझ्याकडून सगळं विचारून गेला होता. झाडं कशी, खंदक कसे, जपानी कसा दिसतो. मी सांगितलं. एक कैदी आम्हाला कसा सापडला, तेही सांगितलं. म्हणून तर त्याला कैदी सुचला असेल.

दोरीबाहेरून मी नीट बघितलं तेव्हा दिसलं. माझ्या बुटाखाली माणूस होता. प्लास्टरचा जपानी, उताणा, हात दोरखंडाने बांधलेले, तोंड उघडं. माझा बूट त्याच्या छातीवर. खाली फळी, 'शत्रूला पायदळी तुडवणारा मराठी जवान'.

घडलं होतं ते वेगळंच.

आमच्या पलटणीत एक म्हातारे सुभेदार होते. कोकणातले, आमच्यातलेच. ते कवायतीपेक्षा एकच गोष्ट जास्त घोकवून घ्यायचे. हात बांधलेल्यावर हात टाकायचा नाही. त्या जंगलात तो जपानी सापडला, तेव्हा त्याच्या मांडीत गोळी होती. वीसेक वर्षांचं पोरगं. आम्ही त्याचे हात बांधले. आमच्यातला एकजण बंदूक ताणून म्हणाला, इथे कोण बघतंय? त्याचा सख्खा भाऊ आदल्या दिवशी लढाईत मेला होता. त्याचा राग मला कळत होता. मी मध्ये उभा राहिलो. माझ्या बाटलीतलं पाणी त्या पोराला पाजलं. तो घटाघट प्यायला. बाटलीला तोंड लावून. मग त्याला मागे पाठवलं. पुढे त्याचं काय झालं, माहीत नाही.

आम्ही सगळे साधू होतो असं नाही. एक गाव आपल्या फौजेने जाळलेलं मी पाहिलंय. गावात शत्रू नव्हताच. एक बाई जळक्या भातातून हाताने दाणे निवडत होती. त्याचा देखावा कोणी करत नाही.

पण त्या पोराला मी तुडवला नव्हता. अख्ख्या लढाईत मी माणसासारखा वागलो याची ती एकच खूण माझ्याकडे होती. मेडल तर सगळ्यांनाच मिळालं होतं. आणि आता माझे कपडे घालून कोणीतरी नेमकं तेच करत होतं जे मी होऊ दिलं नव्हतं. दहा दिवस सगळं लालबाग ते बघणार होतं आणि ओळखीचे लोक म्हणणार होते, हा अमक्याचा शर्ट.

आरती झाली. भाऊंनी माइक घेतला. शिवाजी महाराजांपासून सुरू केलं, मुंबईवर आले, मग माझ्यावर. "या वर्दीचा मालक आज आपल्यात आहे," म्हणाले. टाळ्या पडल्या. मला आत घेतलं नाही. माइक बाहेर आणला. वायर पुरेना, म्हणून दोन कार्यकर्त्यांनी दोरीच थोडी आत सरकवली, म्हणजे मी बाहेरच राहीन. किती काळजीने केलं त्यांनी ते!

भाऊ म्हणाले, "सांग लोकांना, कसा तुडवलास."

हो म्हटलं असतं तर साचाखातं होतं. दोन पोरांची शाळा होती. मी बायकोकडे बघितलं. ती पदर तोंडात धरून उभी.

मी म्हणालो, "तुडवला नाही. त्याचे हात बांधलेले होते. मी त्याला पाणी पाजलं."

भाऊंना वाटलं असेल, आता सांभाळून घ्यायला हवं. हसत म्हणाले, "तो प्यायला?"

"प्यायला."

"पिणारच! जपानी तो. त्याला काय ठाऊक तुझी जात!"

सगळी गल्ली हसली. बायका हसल्या. ज्याने मोर्च्यात रुमाल दिला होता तोही हसला. भाऊंनी माझ्या पाठीवर थाप मारायला हात पुढे केला आणि आठवण होऊन मागे घेतला.

राग आला नाही. मला फक्त खूप थकल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी समजत होतो, उणीव माझ्यात आहे. काही करून दाखवलं की भरून निघेल. लढाई केली, लाठी खाल्ली, वर्दी दिली. त्या हसण्यात मला कळलं, उणीव माझ्यात नव्हतीच. शत्रूच्या पोराला जे जमलं ते या गल्लीला जमत नव्हतं.

"भाऊ, हा मी नाही. माझे कपडे उतरवा."

"विसर्जन होऊं दी, मगे बगू."

"आत्ता."

मी दोरीखालून आत गेलो. ओरडा झाला. कोणीतरी 'बाटवला' म्हणालं. मी आधी मेडल काढलं, मग बूट. शर्टाची बटणं सोडली, पण बाही निघेना. पुतळ्याला शर्ट घालून मग हात चिकटवला होता. हात मोडला असता तर देखावा फोडला म्हणून मला मारलं असतं. मी माझाच शर्ट फाडला. पँट कमरेला खिळ्यांनी ठोकली होती, ती तशीच सोडली.

भाऊ रागावले नाहीत. जवळ येऊन हळूच म्हणाले, "साच्याचां आता इसर."

"विसरलो," मी म्हणालो.

त्यांनी गोमूत्र शिंपडलं. पुतळ्याला दुसरा शर्ट घातला, दुसरे बूट घातले. बूट पुन्हा त्या छातीवरच. दहा दिवस रांगा लागल्या. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पैशाचं वाईट वाटतं. बाकी तुमचं बराबर हाय."

मी रिंगखात्यातच राहिलो. पुढे महाराष्ट्र झाला. गिरणीच्या दारात पेढे वाटले, मीही खाल्ला, आनंदही झाला. खोटं कशाला सांगू? साचाखात्यात आमचा माणूस तेव्हाही नव्हता.

मध्यंतरी दादरच्या एका शाळेतले मास्तर आले. मुलांना लढाईच्या आठवणी सांगा म्हणाले. मी काय सांगणार ते त्यांना सांगितलं. ते चुळबुळले. "जरा शौर्याचं सांगा. गाव जाळल्याचं वगैरे नको. लहान मुलं आहेत."

मी म्हणालो, मग बोलवू नका. त्यांनी नाही बोलावलं.

पुढच्या वर्षी आणखी कोणी येतील. मागितलं तर मेडल मिळणार नाही, फाटका शर्टही मिळणार नाही. माझी लढाई मी आता कोणाला उसनी देत नाही. सांगायची असेल तर मीच सांगेन, ते जळलेलं गाव धरून.