न विचारता घेतलेली घोंगडी

फोन आला तेव्हा मी गॅलरीत उन्हाला बसले होते. धावड्याहून धाकटा मुलगा बोलत होता. "आई, मोठी आई गेली," एवढंच म्हणाला. मोठी आई म्हणजे माझी थोरली जाऊ. माझी मुलं तिला मोठी आई म्हणत, मी आक्का म्हणायची. नव्वदीच्या आसपास होती, चार दिवस अंथरुणाला खिळली, कुणाला त्रास दिला नाही. फोन ठेवल्यावर मला रडू यायला हवं होतं. पण मनात पहिल्यांदा आलं ते हे की, चला... आता ते माहीत असलेलं कुणी उरलं नाही. आपल्याला हे सुचावं याची मला लाज वाटली. पाच आठवडे झाले, ती लाज कमी झालेली नाही. म्हणून हे लिहिते आहे.

माझं माहेर मंठ्याचं. निजामाचं राज्य होतं, मी सतरा वर्षांची होते, आणि इतक्या लांबून लग्न होऊन धावड्याला आले होते. घरात सासरे, सासूबाई म्हणजे आत्याबाई, आम्ही दोघं आणि आक्का. आक्काचे यजमान रंगनाथभावजी माझ्या लग्नाच्या आधीच दोन वर्षं तापाने गेले होते. मूलबाळ नव्हतं. माझे यजमान भोकरदनला कचेरीत कारकून, आठ-पंधरा दिवसांनी घरी यायचे. त्यामुळे शेतीचं बरंचसं काम आक्काच्याच अंगावर होतं. पौषात गव्हाला पाणी सुरू झालं की गडी मोट हाकायचा आणि आक्का दारं धरायची. म्हणजे खोऱ्यानं मातीचा बांध फोडून एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात वळवायचं. उजाडायच्या आत घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहायचं. डोंगराकडून वारं असं यायचं की दातावर दात वाजायचे. घोंगडीची खोळ डोक्यावर घ्यावी तर खोरं मारताना ती खांद्यावरून घसरून पाण्यात पडायची. आक्का एकदा हात शेकत मला म्हणाली, "इंदू, ह्या घोंगडीला बाह्या असत्या तर किती बराबर झालं असतं गं."

मला हसू आलं, आणि लगेच वाटलं, का नसाव्यात? माहेरी आमच्या शेजारी शिंप्याचं घर होतं. लहानपणी मी तिथेच बसलेली असायची. कापायचं कसं हे आपल्याला येतं, अशी माझी ठाम समजूत होती, आणि सासरी आल्यापासून आपल्याला काहीतरी येतं हे दाखवायची संधी मी शोधतच होते. घरात ह्यांचा एक जुना कोट होता. कचेरीत शेरवानी लागायची, म्हणून तो पडूनच होता. त्यावरून माप घ्यायचं ठरलं. राहता राहिली घोंगडी. घरात चांगली, जाड, न विरलेली घोंगडी एकच होती. रंगनाथभावजींची. आत्याबाईंनी ती घडी करून उतरंडीमागच्या पेटीत ठेवली होती.

"आत्याबाईंना इचारल्याबिगर हात लावायचा न्हाई," आक्का म्हणाली. "माझ्या तोंडानं मला जमायचं न्हाई. तू इचार."

आत्याबाई त्या सकाळी लेकीच्या बाळंतपणाला हसनाबादला निघाल्या होत्या, महिन्याभरासाठी. गाडी दारात उभी होती. मी जवळ गेले, आणि त्यांनी मला पाहताच दुधाचं भांडं उघडं राहिल्याबद्दल झापलं. मी भांडं झाकायला आत वळले. गाडी गेली. आक्का गोठ्यातून हात पुसत आली आणि तिनं विचारलं, "काय म्हणल्या?"

मी म्हणाले, "हो म्हणल्या."

इतकं सोपं होतं ते. मला वाटलं, महिन्याने परत येतील तोवर अंगरखा तयार होईल, आणि तो बघून त्याच म्हणतील, वा, सुनांनी काय डोकं लावलं!

त्या महिन्याइतकी मी त्या घरात नंतर कधी आनंदात नव्हते, हेही लिहायला हवं. आम्ही घोंगडी कढत पाण्यात भिजवली आणि दोघींनी ती दगडावर पायांनी तुडवली, म्हणजे लोकर घट्ट होते आणि कापल्यावर कडेचे धागे सुटत नाहीत. वाळली तेव्हा वीतभर आटलेली होती. धनगराच्या घरून मेंढ्या कातरायची मोठी कातर आणली. चुन्याच्या रेघा मारल्या. कातर मी चालवली. दोन्ही बाह्या कापून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की दोन्ही डाव्याच झाल्या आहेत. मी रडवेली झाले. आक्कानं एक बाही उचलली, उलटी केली आणि खाली ठेवली. "घोंगडीला उलटं-सुलटं कुठं असतं येडे? झाली उजवी." आणि इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. शिवणीपुरतं कापड सोडायलाही मी विसरले होते. हात वर केला की काखेत ताणायचं. तर तिनं काखेत चौकोनी तुकडे जोडले. मान टोचू नये म्हणून गळ्याला आतून जुन्या लुगड्याचं अस्तर लावलं. गुंड्या कापडाच्या गाठींच्या केल्या. टाके सगळे तिचे. गोधडीच्या सुईनं, एकसारखे. दोन मोठे खिसे तिनं मागून घेतले. "एका खिशात भाकर, एका खिशात हात," म्हणाली.

मग एके दिवशी मी न्याहारीची टोपली घेऊन मळ्यात गेले होते. ऊन चांगलं वर आलं होतं, तरी आक्काच्या अंगात तो काळा अंगरखा होताच. पाठमोरी वाकून खोरं मारत होती. रस्त्यावर हसनाबादची गाडी थांबलेली मला दिसली. आत्याबाई उतरल्या आणि बांधावरून पळतच निघाल्या. पन्नाशीच्या पुढची बाई, पदराचं भान नाही. त्या ओरडत होत्या, "रंगा... ए रंगा..."

आक्का वळली. आत्याबाई चार पावलांवर थांबल्या. त्यांचा चेहरा मी पुन्हा आठवू शकत नाही, आठवायला गेले की मन दुसरीकडे वळतं. त्या जवळ आल्या आणि बाहीला हात लावला.

"कुणी कापली?"

"इचारूनच घेतली, आत्याबाई," आक्का म्हणाली.

"कुणाला इचारलं? त्याला? त्याची येवढी एकच वस्तू ठिवली व्हती मी."

मग आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "आन् तू काय करून राह्यली व्हतीस?"

टोपली डोक्यावर होती. मी म्हणाले, "आक्कांनी सांगितलं, मी कापली."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. आत्याबाई परत गेल्या. आक्का पाण्यात तशीच उभी. मग तिनं मला विचारलं, "इंदू, त्या खरंच हो म्हणल्या व्हत्या ना?" तेव्हा सांगता आलं असतं. गडी लांब मोटेवर होता, जवळ आम्ही दोघीच होतो. ती मला मारणार नव्हती. मी म्हणाले, "हो म्हणल्या होत्या. आता फिरल्या."

"मामंजींना भ्याल्या असतील," ती म्हणाली. आणि तिनं ते धरून ठेवलं. हो म्हणून उलटलेली बाई, असं तिच्या मनात आत्याबाईंचं नाव पडलं. आणि आत्याबाईंच्या मनात तिचं, मेलेल्या नवऱ्याची आठवण कापून अंगात घालणारी. दोघींचं बोलणं बंद झालं. आक्का मळ्यातल्या छपरात राहायला गेली. सणावारालाही घरात जेवली नाही. पुढे ह्यांची जालन्याला बदली झाली. मी निघून आले, पोरंबाळं झाली. गावी गेले की मळ्यात जायची. ती मला हरभऱ्याचे डहाळे द्यायची, पोरांना खिशात हात घालून ऊब दाखवायची. मी दर वेळी सांगायचं ठरवून जायची आणि डहाळे घेऊन परत यायची. अशी नऊ वर्षं.

निजामाचं राज्य जायच्या आदल्या हिवाळ्यात, गडबड वाढली म्हणून ह्यांनी मला आणि मुलांना धावड्याला आणून सोडलं. आत्याबाईंनी तेव्हा अंथरूण धरलं होतं. एका सकाळी मला म्हणाल्या, "थोरलीला बोलव. जल्दी." मी मळ्यात गेले. आक्का दारं धरत होती. कोपरांवर ठिगळं लावलेला तोच अंगरखा.

"मी बिलकुल येणार न्हाई," ती म्हणाली. "एकदा हो म्हणून ज्या बाईनं तोंड फिरवलं, तिच्या सांगाव्याला मी न्हाई येत."

मग मात्र मी सांगितलं. काय शब्दांत, ते आठवत नाही. एवढं आठवतं की वाफा भरून बांध फुटला आणि पाणी आमच्या दोघींच्या पायांवरून गेलं. तिनं आधी खोऱ्यानं बांध नीट केला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "नऊ वर्सं?" मी मान हलवली. तिनं पाटात हातपाय धुतले, अंगरखा काढून हातावर घेतला आणि चालू लागली. मी मागे.

आत्याबाईंची दृष्टी गेल्यासारखीच होती. आक्कानं तो अंगरखा त्यांच्या पायांवर पांघरला, खाली बसली आणि म्हणाली, "आत्याबाई, चुकलं माझं. न इचारता घेतली मी."

मी दारात उभी होते. दोन पावलं पुढे जाऊन बोलायचं होतं. मी बोलले नाही.

आत्याबाईंचा हात लोकरीवरून फिरत राहिला. गुंडी सापडली, ती त्यांनी चाचपली. "ऊब हाय का गं?" त्यांनी विचारलं.

"हाय."

"मंग घालत जा."

तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. त्या सकाळीच, खोलीतून अंगणात आल्यावर, मी आक्काचे पाय धरायला वाकले होते. तिनं धरू दिले नाहीत. म्हणाली, "मरता मरता तिला दुसरी सून बी खोटी निघाली, असं कशाला दाखवू? एक बस झाली." पुन्हा उभ्या आयुष्यात तिनं हा विषय काढला नाही. माझा धाकटा मुलगा शेती बघायला गावी राहिला, त्याच्याच घरात ती शेवटपर्यंत होती. ती मला कधी टोचून बोलली असती तर बरं झालं असतं... ती माझ्यासाठी लोणच्याची बरणी पाठवायची.

तेराव्याला धावड्याला गेले होते. स्वयंपाकघरात बायकांची गर्दी, आणि माझी नातसून पाहुण्यांना कौतुकानं सांगत होती, "मोठी आजी लई खमकी व्हती. सासूला न इचारता नवऱ्याची घोंगडी कापून कोट शिवला, बोला!" बायका हसल्या. घरात ही गोष्ट अशीच चालत आलेली आहे, आणि इतकी वर्षं ती ऐकताना मीही हसलेली आहे.

मी म्हणाले, "तिनं विचारायला सांगितलं होतं. मी विचारलं नाही. आणि हो म्हणाल्या असं तिला खोटं सांगितलं." मग सगळंच सांगितलं, अंगणातल्या बोलण्यापर्यंत. पाहुण्यांतली एक म्हणाली, "जाऊ द्या काकू, किती जुनी गोष्ट." दुसरीनं पाण्याचा तांब्या पुढे केला. नातसून मात्र हातातली परात खाली ठेवून माझ्याकडे बघत होती. तेवीस वर्षांची पोर, मोठ्या आजीचं शेवटचं सगळं तिनंच केलं होतं.

"आजी," ती म्हणाली, "मोठ्या आजी परवापर्यंत जित्या व्हत्या. तवाच का न्हाई सांगितलं आम्हाला?"

मी पदर सारखा केला. तिनं परात उचलली आणि पंगतीत वाढायला निघून गेली.