आधी कोण जेवलं?

निवृत्त झाल्यावर मला स्वस्थ बसवेना आणि मी घरच्यांना स्वस्थ बसू देईना. त्यामुळे एका रुग्णालयाने शिकाऊ डॉक्टरांना ‘पेशंटशी कसं बोलावं’ हे शिकवायला बोलावलं, तेव्हा माझ्यापेक्षा घरच्यांनाच जास्त आनंद झाला. मी आयुष्यभर कॉलेजात मराठी शिकवलेलं. औषधांतलं मला तापाच्या गोळीपलीकडे काही कळत नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

पडद्यावर दाखवायचं साहित्य वरून तयार आलं होतं. अमुक समाज काय खातो, तमुक समाजाचे सण कोणते, वगैरे. मुलं मुकाट्याने लिहून घेत होती. मला राहवेना. म्हटलं, “अहो डॉक्टर, हे पाठ करून काय करणार? पेशंटला हळदीकुंकवाला बोलावणार आहात का?”

सगळे हसले. मागच्या बाकावरचा एक उंच मुलगा तेवढा हसला नाही. तो विदर्भातून इथे शिकायला आलेला, कायम घाईत. म्हणाला, “मॅडम, तुमचं सगळं ठीक आहे. पण माझी एक पेशंट आहे न, ती ऐकूनच नाही राहिली.”

बाई खडकवासल्याच्या रस्त्यावरच्या, नुकत्याच महापालिकेत आलेल्या गावातली. रक्तात साखर, पायाच्या अंगठ्याला जखम, आणि ती काही केल्या भरत नव्हती. म्हणून इन्शुलिन सुरू केलं, तर रात्री साखर एकदम उतरून बाई मोरीतच कोसळली. एकदा नाही, पुन्हा तेच. आता ती वॉर्डात दाखल होती आणि तिने हाय खाल्ली होती. सुई नकोच म्हणत होती.

“सुई सोडली तर अंगठा जाईल, मॅडम. पाऊलसुद्धा जाईल.” हे सांगताना त्याचा आवाज कातर झाला, आणि तिथपासून मला तो आवडायला लागला.

आम्ही वॉर्डात गेलो. बाई खाटेवर होती, शेजारी स्टुलावर सासू. याने उभ्या उभ्याच सुरुवात केली. “घरी सुई कधी घेत होता?”

“तुमी सांगितल्याली त्या येळेला. रातच्या आठला. घड्याळ बघून.”

“त्यानंतर जेवत होता ना?”

“जेवत व्हते की.”

त्याने माझ्याकडे ‘बघा, झालं समाधान?’ अशा नजरेने पाहिलं. मी त्याला जरा बाजूला घेतलं. “अहो, जेवता का असं विचारल्यावर कोणती बाई नाही म्हणेल? बसा आधी. आणि तिला घरी कोसळली ती रात्र सांगायला लावा. पहिलं ताट कुणाला वाढलं, तिथून.”

तो बसला. विचारलं. आणि बाईची कळीच खुलली! पहिलं ताट सासऱ्यांचं, कारण त्यांच्याबरोबर जागेचं बोलायला आलेले बिल्डरचे दोन पाहुणे होते. मग नवरा आणि दीर, मार्केट यार्डात माल उतरवून आलेले. मग पोरं, त्यांना तव्यावरची गरमच भाकरी लागते. मग सासूबाई.

“आणि तुम्ही?”

“तवा उतरला की मी.”

“किती वाजले असतील?”

“काय की बाई. मालिका संपून बातम्या बी संपल्या व्हत्या.”

डॉक्टर माझ्याकडे न बघताच पुटपुटला, “आमच्या घरी आई शेवटीच जेवते, मॅडम. जन्मभर पाहून राहिलो. आणि मी हिला सुईची वेळ दिली ती घरातल्या पुरुषांच्या जेवणाची. सुईनंतर अर्ध्या तासात पोटात अन्न हवं, नाहीतर साखर उतरते.”

मला एवढा राग आला! त्याचा नव्हे, त्या तव्याचा, पाहुण्यांचा, सगळ्याचाच. पण रागावून जखम भरत नसते. याला मात्र आता भलताच चेव चढला. “घरी गेल्यावर तुम्ही सगळ्यांच्या आधी जेवायचं!” बाई हसून “बरं” म्हणाली. म्हणजे काही व्हायचं नव्हतं. मी त्याला कोपराने ढोसलं आणि सासूकडे खूण केली.

पोरगा हुशार. लगेच स्टूल तिकडे सरकवलं. “आजी, तुम्हीच सांगा कसं करायचं ते.”

म्हातारीला कुणी असं विचारलं नसावं. पदर सारखा करत ती विचारात पडली. मग म्हणाली, “सुई टोचली की हिनं माझ्यासंगं बसायचं. आमी दोघी पहिलं. गडी मानसं थांबत्याल वाईच, काय मरत न्हाईत. फकस्त आमच्या मालकास्नी तुमी सांगा. डाक्टरचा हुकूम हाय म्हना.”

संध्याकाळी सासरे भेटायला आले. आमच्या डॉक्टरने एप्रन ठाकठीक केला, त्यांना बसायला दिलं आणि म्हणाला, “आपण घरातले मोठे. सुनेचा पाय आता आपल्या हातात आहे. आपण अर्धा तास थांबलात तर घर थांबेल.” सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि थांबू म्हणाले. मला तर त्याची दृष्ट काढावीशी वाटली.

माझ्या शेवटच्या तासाला ती बाई वर्गातच आली. दोन्ही पायांत चपला, अंगठा जागच्या जागी. हातात भला मोठा डबा, त्यात सगळ्यांसाठी पिठलं-भाकरी आणि ठेचा. सकाळपासून उपाशी असलेली मुलं टेबलाकडे झेपावली. सगळ्यात पुढे अर्थातच आमचा विदर्भवाला.

तिने झाकणावर हात ठेवला. “थांबा, डाक्टर. मी दुपारची सुई टोचून आलेय.”

ती माझ्या खुर्चीत बसली, भाकरी मोडली आणि सावकाश जेवू लागली. तिचं होईपर्यंत सगळे डॉक्टर भोवती उभे राहिले, आणि एकानेही डब्याला हात लावला नाही.