लुलूची जीभ आणि लिनबाईंचा व्हिसा

जनावरांच्या दवाखान्यात नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. मांजराच्या केसांसारखे ते पँटला चिकटून घरी येतात! नव्वदच्या दशकात आखातातल्या बुसैतीनच्या अशाच एका दवाखान्यात मी अकाउंट्स बघायचो. तिथे चीनहून डॉक्टर लिन आल्या, व्हिजिट व्हिसावर. त्यांच्याकडे औषध कमी, आहार जास्त. जनावराची जीभ बघायची. लाल असेल तर थंड खाणं, फिकट असेल तर गरम.

मालक अबू युसुफचा यावर काडीचा विश्वास नव्हता. बाईंचा व्हिसा संपत आला आणि त्याची म्हातारी शिकारी कुत्री लुलू अन्नाला तोंड लावेना. तो म्हणाला, "लुलू जेवली तर पक्का व्हिसा. नाहीतर खलास, परतीचं तिकीट!"

*

आमचा नागपूरचा टेक्निशियन कांबळे एकदा बाईंकडे सिक लीव्ह मागायला गेला.

"जीभ दाखवा."

त्याने दाखवली.

"उष्णता! काकडी खा, कामावर या."

बाहेर येऊन कांबळे आपल्या वऱ्हाडी-अरबी खिचडीत म्हणाला, "काय सांगू बाप्पा! लीव्ह मफी, काकडी भेटली!"

*

जुफैरच्या एका मॅडमचं मांजर सगळ्यांना ओरबाडायचं. जीभ लालभडक! बाईंनी कोंबडी बंद करून बदक सुरू केलं. आठवड्याने मॅडम खूश होऊन आल्या. "मांजर अगदी शांत झालं, डॉक्टर. आता नवऱ्याला किती देऊ?"

*

आमची ही डबा घेऊन आली आणि लिनबाईंशी तिची गट्टीच जमली. आलं? गरम! मूग? थंड! माहेर पुण्याचं असो की चीनचं, सगळं जुळत होतं. मग कोथिंबीर निघाली.

"गरम," बाई म्हणाल्या.

"अहो, थंड! माझ्या आईला विचारा!"

दोघी हट्टाला पेटल्या, जुडी मधे धरून. तेवढ्यात पेशंट शेळीने जुडीच फस्त केली!

*

शेवटी बाईंच्या व्हिसाचा शेवटचा दिवस आला. लुलूची जीभ फिकट, म्हणून आलं घातलेलं मटण तयार होतं. लुलूने वाडग्याकडे पाहिलं, मग अबू युसुफकडे, आणि मान खाली घातली.

लिनबाईंनी मालकाला विचारलं, "तुम्ही कधी जेवलात?"

"ही उपाशी असताना मी कसा जेवू?"

"जीभ दाखवा."

एवढा मोठा माणूस, पण निमूटपणे जीभ बाहेर काढली. कांबळे हसू दाबत एक्स-रे रूममध्ये पळाला. बाईंनी दुसरा वाडगा भरला आणि मालकाच्या हातात दिला. तो लुलूशेजारी जमिनीवर बसला, त्याने एक घास घेतला. लुलूने मान वर केली. त्याने दुसरा घेतला. मग तिनेही तोंड घातलं!

दोन्ही वाडगे चाटूनपुसून साफ झाले. अबू युसुफने मिशा पुसल्या आणि रिकामा वाडगा पुढे सरकवला.

"यल्ला, चला डॉक्टर, उद्या काय आहे?"